कोहळ्याच्या बिया आणि एक चष्मा

आसगाव, रविवार

प्रिय हर्षा,

सोबतच्या डब्यात कोहळ्याच्या बिया आहेत, मंद आचेवर भाजलेल्या. दिवाळीत तू पुण्याहून भोपळ्याच्या बियांचं चकचकीत पाकीट आणलंस आणि ऑफिसात भूक लागली की हेच खाते म्हणालीस, तेव्हा मला हसूच आलं. आपल्या मांडवावर इतकी कोहळी लागतात आणि बिया आपण उकिरड्यावर टाकत आलो.

पहिल्या खेपेला माझी फजिती झाली. गर नीट काढला नाही, बिया ताटात दाट पसरल्या, तिसऱ्या दिवशी बुरशी. कुंपणापलीकडून डोमाजी गुरुजी बघत होते. बायको गेल्यापासून ते एकटेच रांधून खातात, त्यामुळे अशा कामात माझ्याहून हुशार. म्हणाले, "पातळ पसरवा, बाई. बियाइले बी हवा लागते." मग दुसरं कोहळं फोडलं. त्यांनी बिया चाळणीत चोळून धुतल्या, मी मीठ लावून जुन्या धोतरावर पसरल्या. छतावर माकडांचा त्रास, म्हणून पहाऱ्याला गुरुजीच बसले, काठी आणि पेपर घेऊन. दुपारी त्यांचा डोळा लागला आणि माकडाने बिया सोडून चष्माच पळवला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "त्याले बी पेपर वाचाचा असन." मी इतकी हसले की पायरीवर बसावं लागलं. तुझे बाबा गेल्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर अशी हसल्याचं मला आठवत नाही.

माकडाकडे पेरू फेकल्यावर चष्मा खाली पडला, पण काच फुटली. पवनीहून नवा येईपर्यंत रोज सकाळी मीच त्यांना पेपर वाचून दाखवला. बिया वाळल्या, नवा चष्मा आला, तरी वाचन काही थांबलं नाही.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण पुढचं सांगताना तुझा आवाज ऐकला असता, तर माझा अडकला असता. परवा वाचता वाचता त्यांनी मला थांबवलं. "विमलाबाई, दोन माणसाइनं दोन चुली कायले पेटवाच्या?" म्हणाले. मी पेपराची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग हो म्हटलं. येत्या पौर्णिमेला विहारात, चार माणसांत लग्न करतो आहोत. गावात कुजबुज आहे, असू दे. तुझी परवानगी मागत नाही, बेटा. त्या दिवशी तू माझ्या शेजारी उभी राहा, एवढंच मागते. आपल्या रीतीप्रमाणे लग्नाला पांढरी साडी घ्यायची आहे. काठ कोणत्या रंगाचा घेऊ, ते कळव.

तुझीच,
आई