खाडी बंदच आहे

बांगाई बेट
१४ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय हामदिया,

सलाम आणि आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेल असं धरून लिहिते. यंदा कोनफळं चांगली निघाली. रिफ्काचे पुढचे दोन दात पडले. "आत्याला सांगू नकोस, ती हसेल," म्हणते. मागच्या दाराची शिडी कुजली होती, ती जुम्रिननं बदलून दिली. असा शेजारी आहे म्हणून बरं.

हे पत्र अर्साद मास्तरांच्या हाती देतेय. ते मकास्सरला त्यांच्या कामासाठी येतायत. त्यांना काही विचारू नकोस. बोलायचं नाही अशी शपथ घातली आहे मी त्यांना.

तू फोनवर दर वेळी विचारतेस, दादा कुठाय. गेल्या आठवड्यात तुझे फोन आले, तेव्हा "ऐकू येत नाही" म्हणून मी ठेवून दिले. ऐकू सगळं येत होतं. आता क्रमानं सांगते. एकदम सांगायला गेले तर हात चालणार नाही.

मशिदीपुढच्या अंगणातली ती सभा आठवते? तू उभी राहून सांगत होतीस, की आपला चंदेरी मासा जगात आपल्याच बेटांभोवती जन्मतो, आणि परदेशातल्या लोकांच्या काचेच्या पेट्यांसाठी आपण तो उपसून संपवत आणलाय. सगळे खाली बघत होते. पहिला हात तुझ्या दादानं, मस्कुरनं वर केला. "पिल्लं तोंडात धरून उपाशी राहणारा बाप तो, आणि आपण त्याला सिगारेटच्या पाकिटाच्या भावानं विकतो. बंद करा खाडी," म्हणाला. घरी येताना मी विचारलं, "आणि आपण काय खायचं?" तर म्हणतो, "माझी बहीण सगळ्या गावासमोर बोलली गं! आवाज एकदाही कापला नाही तिचा."

खाडी बंद झाली आणि नुसत्या कोनफळांवर घर चालेना. तो बाहेरगावच्या एका मालकाच्या बोटीवर लागला. दूरच्या खडकांवर खोल पाण्यात उतरून दुसरे रंगीत मासे धरायचे. तेही पेट्यांसाठीच. तोंडात नळी, आणि वर बोटीत टायरमध्ये हवा भरतात ते यंत्र. तुला यातलं त्यानं काही कळू दिलं नाही. एकदा ते यंत्र बंद पडलं आणि तो खोलातून तसाच सरळ वर आला; थांबत थांबत यायचं असतं, नाहीतर अंग लुळं पडतं. जुम्रिन बोटीवर होता. तो सांगतो, मस्कुर हसला, सिगारेट मागितली, आणि ती पेटवायच्या आत गुडघ्यातून दुमडला. लुवुकच्या दवाखान्यात नेईपर्यंत कमरेखालचं सगळं गेलं होतं.

हे रमजानच्या आधीचं. तेव्हापासून तू ज्याच्याशी बोलत होतीस तो समुद्रावर नव्हता, इथं खिडकीजवळच्या चटईवर होता. तुझा फोन आला की तो ओरडायचा, "जुम्रिन, इंजिन!" घराखाली पाण्यातल्या खांबांना बांधलेल्या होडीचं इंजिन जुम्रिन सुरू करायचा आणि हा तुला सांगायचा, "बोल लवकर मास्तरीणबाई, मासे पळतील माझे!" फोन ठेवला की दोघं खो खो हसायचे. मीही हसलेय, का खोटं बोलू.

तुला कळवायचं नाही ही त्याचीच सक्त ताकीद. "ती शिक्षण टाकून येईल आणि जन्मभर माझे मेलेले पाय चेपत बसेल. तू तोंड उघडलंस तर तुझ्या हातचं खाणार नाही."

मग पाठीला जखमा झाल्या. त्या चिघळल्या. ताप उतरेना.

हामदिया, तुझा दादा गेला. मागच्याच्या मागच्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजाआधी. टेकडीवर तुमच्या बाबांशेजारी त्याला ठेवलंय. तुला कळवलं असतं तरी तू पोचेपर्यंत माती झालीच असती, असं मी स्वतःला समजावते.

तिसऱ्या दिवशीच्या जेवणाला गाव जमलं. मुखिया म्हणाले, "सारलिना, एक हंगाम खाडी उघडू या. अर्धा माल तुझ्या घरचा." मागून कुणीतरी म्हणालं, "बहिणीनं समुद्राला कुलूप घातलं आणि भाऊ बाहेर मेला." कुणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मस्कुरचं हातजाळं घेऊन मी होडी काढली. कुणाला विचारलं नाही. बंद झाल्यापासून मी खाडीत नीट पाहिलंच नव्हतं. तळाशी बसलेल्या लांब काट्यांच्या काळ्या समुद्री साळूंमध्ये ते चंदेरी मासे थव्यांनी उभे होते, माझं लग्न झालं तेव्हा असायचे तसे. मी जाळं घातलं. पहिल्याच खेपेला फुगल्या तोंडाचा एक नर आला. घाबरून त्यानं तोंड उघडलं आणि आतली पिल्लं सांडली, नखापेक्षा लहान, पण पट्ट्यांसकट हुबेहूब त्याच्यासारखी. जाळ्याच्या भोकांतून ती काट्यांमध्ये पळाली. तो मात्र आतच राहिला, रिकामं तोंड उघडत, मिटत.

मला दया आली असं समजू नकोस. संताप आला. यांच्यापायी माझा माणूस गेला, आणि आता मीच यांना विकलं तर तो गेला कशासाठी? त्या नराला पाण्यात सोडलं आणि तशीच ओल्या कपड्यांनी मुखियांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, "खाडी बंदच ठेवा. मला हिस्सा नको, आणि दुसऱ्या कुणालाही देऊ नका." ते म्हणाले, "पोरीला काय घालशील?" मी दारातून हलले नाही. शेवटी त्यांनी मान डोलावली. खाडी बंदच आहे.

आता बायका म्हणतात, सारलिनानं नणंदेला माफ केलं. नाही केलं. तू खरं तेच बोललीस, मला ठाऊक आहे. खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

चाळिसाव्याला ये. एकटीच ये, तुमच्या त्या मासे वाचवणाऱ्या संस्थेची माणसं आणि कॅमेरे नकोत. आलीस की आधी जेव, मग टेकडीवर जाऊ. रडायचं ते तिथं. माझ्यापुढे मात्र "चुकले" म्हणू नकोस. तू चुकली नाहीस, आणि तेच मला सोसत नाही.

रिफ्का वाट बघतेय. मीही बघतेय, अजून रागातच.

तुझी,
सारलिना वहिनी