जयाताईंचे मासे आणि पाण्यातला करंट

राइट टाउन, जबलपूर

ती. जयाताईंना विनताचा शिरसाष्टांग नमस्कार. नागपुरात तुमच्या अक्षतकडे तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे आम्ही दोघं ठीक, आणि (तुम्हाला आधी तेच हवंय, मला माहीत आहे) तुमचे मासेही ठीक. महाराजपूरच्या घराचं काम निघालं म्हणून तुम्ही टाकी आमच्याकडे ठेवलीत. आता काम संपलं, येऊन घेऊन जाते, असं फोनवर म्हणालात, तेव्हापासून तुमचे भाऊ जेवताना गप्प असतात. मध्यंतरी काय काय झालं ते वाचा, म्हणजे कारण कळेल.

थंडी पडली तसा ह्यांनी टाकीत हीटर लावला. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ओल्या पायांनी पाण्यात हात घातला, तर बोटांना झिणझिण्या. दुसऱ्या कोणी हात काढून चप्पल घातली असती. हे खुर्ची ओढून टाकीसमोर बसले, की आपल्याला एकदाच लागलं, हे बिचारे दिवसरात्र त्यातच. (खमरियाच्या फॅक्टरीत उभा जन्म हिशेबाच्या टेबलावर गेला, विजेशी संबंध पंख्याच्या बटणापुरता. पण मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले की आमच्याकडे इंजिनिअर तयार होतो.) पाण्याला टेस्टर लावला, तो पेटला, आणि घराला सुतक आलं. झटके सोसणाऱ्यांना ताकद हवी म्हणून दाणे वाढवले. मासे फुगले आणि एक कोपऱ्यात जाऊन बसला. "पाहून राहिली ना तू, करंटनं काय केलं त्याचं," असं मलाच ऐकवलं.

मी रबरी चप्पल घालून बोट बुडवलं. काही नाही. तारेवर चिमणी बसते तिला काही होत नाही, तसंच हे. जमिनीला पाय टेकलेत ते ह्यांचे, माशांचे नाहीत. पण बायकोचं ऐकलं तर तुमचे भाऊ कसले. व्हिडिओत सांगितलं म्हणून अर्थिंगची तार पाण्यात सोडली, तर इतके दिवस निवांत फिरणारे मासेही सैरावैरा पळायला लागले. करंटला पाण्यातून वाट आपणच करून दिली होती. मी प्लग ओढला तसा टेस्टर विझला. हीटरच तडकलेला निघाला. नवा आणला, दाणे कमी केले, कोपऱ्यातली स्वारी हिंडायला लागली. कोपऱ्यातल्याला करंट नव्हे, अजीर्ण झालं होतं.

आता सगळं छान आहे. सकाळी टाकीसमोर चहा होतो, टेस्टर लावून "चलो, सब बढ़िया" होतं. ताई, रिटायर झाल्यापासून हे इतके खुशीत कधी नव्हते. मासे गेले तर ह्यांचं कसं होईल, याचीच मला काळजी लागून राहिली आहे.

तुमची,
विनता

ता. क. : राइट टाउन ते महाराजपूर रस्त्यात खड्डेही फार आहेत.

आणखी ता. क. : ह्यांना यातलं काही विचारू नका. त्यांनी टेम्पो ठरवूनही टाकलाय. "ताईचे आहेत, ताईला देऊन टाकू," म्हणाले आणि पेपर उघडला. जेवताना गप्प असतात ते दाढ दुखते म्हणून. दुपारी हे झोपले की मासे काचेपाशी येतात ते माझ्याकडे, आणि मी त्यांच्याशी बोलत बसते. ताई, मासे मला हवेत. राहू द्या.