चोवीस जोड बूट

३ मार्च, सोमवार

आज शाळेतला माझा पहिला दिवस. चौथीत शाळा सोडलेला माणूस एकाहत्तराव्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसला, याचं माझ्यापेक्षा सूनबाईलाच कौतुक. शाळेला वर्गमदतनीस हवे आहेत, निवृत्त माणसंही चालतील, असं तिने कुठेतरी वाचलं आणि माझं नाव देऊन टाकलं. आधी पंधरा दिवस मागे बसून नुसतं बघायचं, बाई कशा शिकवतात, मुलं कशी वागतात ते. बाईंनी ही वही दिली. दिसेल ते लिहा, वाटेल ते नको, म्हणाल्या. मला यातला फरक नीटसा कळला नाही, पण मान हलवली.

वर्गात चोवीस मुलं. बूट दाराबाहेरच्या मांडणीत ठेवतात. प्रत्येकाच्या खणावर एकेक चित्र. मला बसायला मुलांचीच बुटकी खुर्ची मिळाली आहे. बसलो की गुडघे हनुवटीला लागतात. एक मुलगी सारखी सगळ्यांची उलटतपासणी घेते, बाई तिला वकीलबाई म्हणतात. तिने मला विचारलं, आजोबा, तुम्ही किती वेळा नापास झालात. वर्ग हसला. मीही हसलो.

घरी येताना बरं वाटत होतं. कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

४ मार्च, मंगळवार

मधल्या सुट्टीनंतर मोजणी असते. मुलं रांगेत उभी राहतात, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. मोजणाऱ्याने प्रत्येक डोक्याला हात लावायचा, शेवटचा आकडा मोठ्याने म्हणायचा, तक्त्यावर लिहून सही करायची. नजरेने मोजायचं नाही, हा बाईंचा कडक नियम. नजर चुकते, हात चुकत नाही, म्हणतात.

आज मोजणी माझ्याकडे दिली. पंचवीस भरली. बाईंनी पुन्हा मोजली तर चोवीस. आजोबा, स्वतःलाही मोजलंत वाटतं, म्हणाल्या.

मी स्वतःला मोजलं नव्हतं. शेवटचं डोकं ओलं होतं. घामाने केस चिकटलेले, आणि उन्हातल्या पत्र्यासारखं तापलेलं. कुठलं मूल ते बघायला वाकलो तोवर रांग मोडली. कुणाला ताप असेल तर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्याच दिवशी कटकट्या म्हातारा ठरायला नको, म्हणून.

६ मार्च, गुरुवार

काल पंचवीस, आज पंचवीस. मांडणीत बूट मात्र चोवीसच जोड. म्हणून मी चोवीस लिहितो आणि सही करतो. बुटांवर विश्वास ठेवलेला बरा.

मागच्या कोपऱ्यात खिडकीजवळ एक जागा रिकामी असते. तिथली काच दुपारी आतून धुरकटते. बाहेर ऊन रणरणत असतं, आत ओल कुठून येते कळत नाही. रुमालाने पुसली. पुन्हा आली, अगदी खालच्या बाजूला, लहान मुलाचं तोंड पोचेल तेवढ्याच उंचीवर.

१० मार्च, सोमवार

दोन दिवस झोप नाही. लिहूनच टाकतो, हे पान मागाहून फाडीन.

मालाची गाडी चालवायचो, असं मी अर्जात लिहिलं. माल नव्हता, मुलं होती. एकतीस वर्षांपूर्वी माझ्याकडे शाळेची गाडी होती. मुलांना उतरवून फाटकातून आत न्यायचं काम गाडीवरच्या मावशीचं. मागे जाऊन प्रत्येक सीट बघायचं काम माझं. त्या दिवशी चहाची घाई होती. आरशात बघितलं, गाडी रिकामी दिसली, उन्हात लावून कुलूप घातलं.

शेवटच्या सीटवर सहा वर्षांची एक मुलगी झोपली होती. दुपारी दार उघडलं तेव्हा काचेवर आतून वाफ होती, वाफेत बोटांच्या रेघा होत्या. पोर गेली होती.

चौकशीत मी सांगितलं, सीटा बघायचं काम मावशीचं. मावशी इतकी रडत होती की तिला धड बोलताही येईना. शिक्षा तिला झाली. सुटून आल्यावर भावाने घरात घेतलं नाही म्हणे. पुढे तिचं काय झालं, मी विचारलं नाही.

पान फाडीन.

११ मार्च, मंगळवार

आता सवय झाली आहे. शेवटच्या डोक्याला हात लागतो, मनात पंचवीस म्हणतो, तोंडाने चोवीस. एक वजा केला की झालं.

आज वकीलबाईने विचारलं, तुम्ही तिला का मोजत नाही. कुणाला, म्हटलं. तिने मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं. मग सहज म्हणाली, "ती तुमच्याबरोबरच आली ना, आजोबा? पहिल्या दिवशी. तुमचं बोट धरून."

१३ मार्च, गुरुवार

बाईंना सगळं सांगायचं ठरवलं. टेबलापर्यंत गेलो. त्याच म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे, उद्या सहलीला मोजणी तुमचीच.

मान हलवून जागेवर परत आलो. पानही फाडलेलं नाही अजून.

१४ मार्च, शुक्रवार

अग्निशमन केंद्र बघून आलो. तिथल्या जवानांनी मुलांवर पाण्याचा फवारा सोडला, सगळी चिंब, हसून हसून बेजार. बसमधून उतरल्यावर अंगणात रांग लावून मोजली. चोवीस. पुन्हा मोजली. चोवीस. पंचविसावं डोकं नाही. वजा करावं लागलं नाही. गेली ती. सही करताना डोळे भरून आले.

बाई तक्ता घेऊन कार्यालयात गेल्या आहेत. बसच्या दाराला कुलूप घालून चालक जेवायला गेला. मुलं बाकांवर डोकी टेकून पडली आहेत, वर्ग माझ्या ताब्यात. किती शांत —

मागची काच धुरकटली आहे.

आज सगळीच डोकी ओली होती. सगळीच. मग त्यातलं एक —

दाराशी जाऊन आलो. बूट तेवीस जोड. बेडकाच्या चित्राचा खण रिकामा. तो वकीलबाईचा.

खिडकीजवळच्या जागेवर कुणीतरी डोकं टेकून पडलं आहे.

बस इथून दिसते. उन्हात आहे. सही माझी. विचारतील, सीटा कुणी बघायच्या. चालकाने. ते चालकाचंच काम, मी सांगेन की —

पुन्हा तेच लिहिलं मी.

बसची मागची काच आतून पांढरी होते आहे. त्यात बोटांच्या —

मी अजून लिहितोच आहे. ओरडायला हवं, आणि लिहितो आहे. मागचं डोकं वर झालं. माझ्याकडे बघत नाही. माझ्या पेनाकडे बघते, वाट बघावी तशी —

मावशीने नाही. मी. काम माझं होतं. बाई, हे पान आणि दहा तारखेचं पान कुणी फाडू —

चावी चालकाकडे. ही बुटकी खुर्ची हलकी आहे, काच फोडायला —

ऊठ