शेवटची पानं नसलेलं पुस्तक

माय, तुला वाचता येत नव्हतं. तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचे, त्यामुळे हे लिहायला बसले आणि पहिला प्रश्न हाच पडला, की हे तुला वाचून कोण दाखवणार. तू जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी आता जळगावला राहते, चौथ्या मजल्यावर, एकटी. आज रविवार आहे, सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि अकरा वाजता आमच्या गेटवर एक माणूस येणार आहे. आला की त्याला धरायचं, असं सोसायटीतल्या चार-पाच जणांनी ठरवलंय. तो चोर नाही हे अख्ख्या इमारतीत फक्त मला माहीत आहे, आणि तीन दिवस मी तोंड उघडलेलं नाही. अशा वेळी दुसरं कुणी आठवलं नाही, तूच आठवलीस.

तुला धुळ्याची आपली ओसरी आठवत असेल. उन्हाळा लागला की जेवणं आटोपून पाच-सहा बाया आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून यायच्या. आज आपले उडदाचे पापड, उद्या शेजारच्या काकूंचे, असा फेरा चालायचा. मी तेरा वर्षांची होते आणि माझा एकही पापड गोल व्हायचा नाही. एकदा तू माझा पापड सगळ्यांसमोर उचलून धरलास आणि म्हणालीस, हिच्या हातात लाटणं देऊ नका, पीठ नासेल, हिला पुस्तक द्या. म्हणालीस चिडवायला, पण त्या दिवसापासून तेच माझं काम झालं. वडिलांना सगळे भाऊच म्हणायचे; ते एसटीत कंडक्टर. धुळे-जळगाव गाडीत लोक सीटवर पुस्तकं विसरायचे, आणि विसरलेल्यांत निम्म्याहून जास्त रहस्यकथाच असायच्या. महिनाभर कुणी विचारायला आलं नाही की भाऊ ती घरी आणायचे. सीटवर बसून माणूस घाबरायला तयार असतो, पण ती भीती घरी न्यायला कुणी तयार नसतो, असं ते म्हणायचे.

आपण मात्र ती हौसेने घरी घेतली. बाहेर डांबर वितळेल असं ऊन, बायांच्या कोपरापर्यंत तेल, आणि मी वाचतेय की बंगल्यातले दिवे गेले, जिन्यावर कुणाची तरी चाहूल लागली. एकेक करून लाटणी थांबायची. लाट्या सुकायला लागल्या की तू रागवायचीस, हात चालू द्या, तो मेला तो मेला, आता काय उठून बसतोय? आणि पाच मिनिटांनी तुझंच लाटणं थांबलेलं असायचं. मी मुद्दाम पाणी प्यायला उठले की तूच म्हणायचीस, "पुढे वाच व बई." लाट्या संपल्या की वाचन बंद, हा तुझा नियम. त्यामुळे शेजारच्या काकू एक लाटी ओल्या फडक्याखाली लपवून ठेवायच्या, आणि ते तुला माहीत असूनही तू कधी बोलली नाहीस. खून नेहमी दुसऱ्याच्या घरात व्हायचा, संशय सगळ्यांवर असायचा, फक्त ऐकणारीवर नसायचा. त्या घाबरण्यात सुख होतं ते बहुतेक याचंच. माझं सुख वेगळं होतं. सहा मोठ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. घरात एरवी कोण बघत होतं माझ्याकडे?

मग ते पुस्तक आलं, बंगल्यातल्या म्हाताऱ्याला कुणीतरी रोज थोडं थोडं विष देतंय, असं. चार दुपारी ते चाललं. पाचव्या दिवशी सकाळी मी पुढचं चाळायला घेतलं, तर ‘खुनी याच खोलीत बसला आहे’ या वाक्यापाशी पुस्तक संपलेलं. पुढची पंधरा-सोळा पानं फाटून गेलेली. सरळ सांगितलं असतं तर बाया जरा करवादल्या असत्या, भाऊंच्या प्रवाशांना नावं ठेवून मोकळ्या झाल्या असत्या. पण मला ते सांगवेना. दुपारी मी पुस्तक उघडं धरून बसले आणि शेवट मनाने रचत गेले. खुनी कोण करावा? ज्याच्याकडे कुणी बघत नाही असा. पुस्तकात औषध द्यायला येणारा एक कंपाउंडर होता, दोनदाच आलेला. त्याला केलं. पण तो दिसतो कसा, चालतो कसा, हे काही सुचेना, आणि माझी नजर दारातून समोर गेली.

समोरच्या खोलीत पहूरकडचा एकटा भाडेकरू राहायचा. तोही कंपाउंडरच, गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात. उन्हाळ्यातसुद्धा अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, खिडकी सदा लावलेली, चालताना चपलेचा आवाज नाही, अंगाला औषधाचा वास. मी ते सगळं जसंच्या तसं उचललं. स्वेटरसुद्धा सोडला नाही. तुला शपथेवर सांगते, मला त्याचं वाईट करायचं नव्हतं, मला फक्त माणूस हवा होता. वाचून संपलं. सगळ्या जणी समोरच्या बंद खिडकीकडे बघत होत्या. काकूंच्या नातवाला दोन दिवसांपूर्वी उलट्या झाल्या होत्या आणि पुडी त्याच कंपाउंडरने आणून दिली होती. काकू हळूच म्हणाल्या, "मी सांगस ना, त्यानंच काम शे."

पोरगं आपल्याच ओसरीवर तेलात बुडवून डझनभर कच्च्या लाट्या खाऊन आजारी पडलं होतं. तू ते सांगितलंस, दोनदा सांगितलंस. पण लाट्यांची गोष्ट कुणाला नको होती, माझी गोष्ट जास्त चांगली होती. आठवड्याभरात पोरांना त्याच्या खोलीसमोरून जाऊ देईनात, दवाखान्यात बाया त्याच्या हातची पुडी घेईनात. पुस्तकाचं नाव कुणी घेत नव्हतं, आधीपासूनच वाटत होतं, एवढंच म्हणायचे. मग घरमालकाने त्याला खोली सोडायला सांगितली. मी भाकरी खाताना घाबरायचे, शाळेत घाबरायचे, कुणी हाक मारली तरी दचकायचे. ही भीती पुस्तकातल्यासारखी नव्हती, हिला मिटून ठेवता येत नव्हतं.

त्याच दिवसांत तू एकदा ते पुस्तक हातात घेतलंस. तुला अक्षर येत नव्हतं, पण जन्मभर गोधड्या शिवलेल्या बाईला तुटलेला दोरा कळतो. तू पाठीच्या आतून बोट फिरवलंस, लोंबणारे धागे चाचपलेस आणि मला विचारलंस, "अठे काही व्हतं का व बई?" मी म्हणाले, नाही, इथे काही नव्हतं. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग पुस्तक फडताळावर ठेवून दिलंस. त्यानंतर तू मला कधी वाचायला सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही.

तो गेला त्या सकाळी सगळी गल्ली आपापल्या दारात उभी होती. त्याने ट्रंक बाहेर काढली, कुलपाची किल्ली उंबऱ्यावर ठेवली. तेव्हा तू पापडांची चवड कागदात बांधून उतरलीस आणि गल्ली ओलांडून गेलीस. एकटी. बारा पावलांची गल्ली, पण मला ती संपता संपेना. त्याने पुडकं घेतलं, काहीतरी म्हणाला, तू मान हलवलीस. परत आलीस तेव्हा हात पदराला पुसत होतीस. मी विचारलं, तुला भीती नाही वाटली? तू म्हणालीस, "भ्याव माले बी वाटस. पन पाय उचलनाच पडस."

आता इथलं सांगते. गुरुवारी मी रद्दीवाल्याला बोलावलं. डोळ्यांना बारीक अक्षर झेपत नाही, म्हटलं पुस्तकं काढून टाकावीत. चुकून त्याने आधी तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली, कुणी उघडेना म्हणून जरा वाकून बघितलं, मग वर माझ्याकडे आला. अर्धी पुस्तकं पोत्यात भरली, ओझं फार झालं म्हणून उरलेली रविवारी अकराला नेतो म्हणाला. जाताना वॉचमनला, रविवारी अकराला परत येतो, एवढंच सांगून गेला. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा कॅमेऱ्यातला फोटो, भोवती लाल वर्तुळ. कोण आहे हा? पोत्यात काय होतं? कुणी लिहिलं, पितळेची भांडी. कुणी लिहिलं, तांब्याच्या तारा. एकीने लिहिलं, चेहराच सांगतोय. पोत्यात माझ्या रहस्यकथा होत्या, माय.

एका ओळीचं काम होतं. पण पहिल्या दिवशी मला मजा वाटली. कबूल करायला लाज वाटते, पण वाटली. चहा घेऊन बसले आणि मोबाइलवर बोट सरकवत एकेकाचे तर्क वाचत गेले, पुढे काय, पुढे काय. उत्तर एकटीला माहीत असण्याची ती जुनी गुदगुली. दुसऱ्या दिवशी मजा गेली. आता बोलावं तर विचारतील, काल का नाही बोललात. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, वॉचमनकडून कळल्यावर एकाने लिहिलं, रविवारी येतोय ना, येऊ द्या, खालच्या खोलीत बसवून नीट विचारू. नीट विचारू म्हणजे काय, ते मला कळतं.

पावणेअकरा झाले. आत्ता, हे लिहिता लिहिता, मी ती ओळ पाठवली. तो रद्दीवाला आहे, मीच बोलावलंय, पोत्यात माझी पुस्तकं होती. लगेच उत्तर आलं: तुम्ही त्याला नक्की ओळखता का, ताई? आणि त्याखाली दुसऱ्याचं: मग इतके दिवस गप्प का होतात? बघ, वर्तुळ सरकलं. आता ओळी लिहून भागणार नाही, खाली जाऊन त्याच्याशेजारी उभं राहावं लागेल.

रविवारच्या गठ्ठ्यासाठी पुस्तकं काढताना ते जुनं पुस्तकही हाती आलं. समोर आहे. धागे अजून लोंबताहेत. तू विचारलं होतंस, अठे काही व्हतं का. होतं, माय. पानं होती, ती फाटली होती, आणि बाकीचं सगळं मी बनवलं होतं.

खालून आवाज येताहेत. अकराला अजून अवकाश आहे, तो लवकर आलाय बहुतेक. हे कागद पुस्तकात ठेवते. चप्पल एकच सापडतेय. राहू दे, अशीच जाते.