पाचवी बैठक

५ मे, रविवार
माजलगावला समुपदेशनाचा तास. एस.टी.त जाताना उभी, येतानाही उभी. सर म्हणाले, समुपदेशकाने सल्ला द्यायचा नाही, नुसतं ऐकायचं. सगळा वर्ग हसला. या दुष्काळात आमच्याकडे सल्ला तेवढा फुकट मिळतो.
दहावीनंतर चौदा वर्षांनी पुस्तक हातात. मुक्त विद्यापीठाची ही पूर्वतयारी पास झाले तर बारावीशिवाय बी.ए.ला प्रवेश. त्यासाठी फाईल: एकाच माणसाशी पाच बैठका. १६ जूनला द्यायची.
घरी सांगितलं. हे म्हणाले, "तू तासभर गप बसनार? मला बी बघायला बोलीव."

९ मे, गुरु.
माणूस मिळालं. सोसायटीच्या चारा छावणीत मी रोज सकाळी जनावरांची हजेरी घेते, तिथलीच एक बाई. चाळिशीची असेल. महिनाभर दोन म्हशी घेऊन तिथे एकटी राहते आहे. नाव कुठे लिहायचं नाही असा नियम, म्हणून इथेही नुसतं च.
पुस्तकाप्रमाणे समोरासमोर खुर्च्या टाकल्या. च. पदर तोंडाला लावून बसली. अर्धा तास फक्त "बरं हाय". शेवटी वैतागून तिच्या शेजारी खाली बसले आणि म्हशींसाठी उसाचे तुकडे करू लागले. मग बोलली. पुस्तकात हे काही नाही!

१७ मे, शुक्र.
दुसरी बै. घरी अकरा माणसं, स्वयंपाक हिच्याच गळ्यात. दोनदा सल्ला अगदी जिभेवर आला. गिळला.
तिला म्हटलं, इथे काहीही बोललं तरी चालतं, मी नावं ठेवणार नाही.
"कायबी?"
काहीही.

२४ मे, शुक्र.
तिसरी बै. काल झाली, बरी झाली.
आज आमच्या मोसंबीची शेवटची वीस झाडं तोडली. टँकरचं पाणी घालून घालून जगवली होती. हे कुऱ्हाड घेऊन गेले, मी गेलेच नाही. लाकडं दारात पडलीत. येता-जाता तिकडे बघायचं टाळते.

३१ मे, शुक्र.
चौथी बै. सगळी माती केली मी.
च. आज खुशीत होती. दुपारी चार-पाच गावच्या बायका मिळून चहा करतात म्हणे, गप्पा मारतात. "घरी दिसभर हाका. हितं फकस्त म्हशी हाक मारत्यात, त्याबी भूक लागल्यावर." मी हसले. मग ती हळूच म्हणाली, "ताई, कुनाला सांगू नगा. समदे पावसाची वाट बघत्यात. मला वाटतंय, लांबावा. पाऊस आला की छावनी उठनार."
आणि मी ताडकन म्हणाले, "असं बोलवतं तरी कसं तुम्हाला? लोकांच्या बागा वाळल्या!"
आवाज चढला होता. पलीकडच्या दोघी वळून बघू लागल्या. च. उठली आणि म्हशींच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.
फार लाज वाटते आहे. आयुष्यात पहिल्यांदा दोन महिने निवांत मिळाले, एवढंच सांगत होती बिचारी.

४ जून, मंगळ.
हजेरीला "दोन म्हशी" एवढंच म्हणते आणि तोंड फिरवते.
हे म्हणाले, "पाचवी मनानंच लिव की. कोन बघतंय?" मी भांडले. पण दिवसभर तेच डोक्यात. नवीन माणसाबरोबर पाच बैठका करायला दिवस कुठे आहेत? यंदा प्रवेश हुकला तर पुढच्या वर्षी घरचे पुन्हा हो म्हणतील याची खात्री नाही.

९ जून, रवि.
सरांना खरं सांगितलं. रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "माफी मागा. पण फाईलसाठी मागू नका." आता ही दोन वेगळी कशी करायची?

१४ जून, शुक्र.
गेले शेवटी. म्हटलं, माझं चुकलं. आमची मोसंबी गेली, त्याचा राग तुमच्यावर काढला.
च. मान खाली घालून शेण गोळा करत राहिली. मग म्हणाली, "तुमी म्हनला व्हता, कायबी बोला. म्हनून खरं बोलले."
पाटी ठेवून हात धुऊन आली, माझ्यासाठी पोतं अंथरलं. "तुमची परीक्षा हाय न्हवं? काडा वही. इचारा. आता समदं चांगलंच सांगते. पाऊस यावा, घरी जावं, आसं. पास व्हताल तुमी."
मनापासून म्हणत होती. टोमणा मारला असता तर सोसला असता.
"वही नको," मी म्हटलं.
"मंग कशाला आलाव?"
मी पोत्यावर बसले आणि म्हशींसाठी उसाचे तुकडे करू लागले. परवा फाईल द्यायची आहे, पाचवीचं पान कोरंच.