पडद्यावरचा कावळा

काशीद,
रविवार, २ मार्च २०२५

चि. प्रणालीस,

अनेक आशीर्वाद, घ्यायचे असतील तर घे. इकडे आम्ही ठीक. तिकडे तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. माझा नंबर बंद करून टाकलास त्याला अकरा वर्षं झाली. पत्ता मामीकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिचा पिच्छाच सोडला नाही.

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणार असशील तर थांब. आधी एक गंमत वाच, मग खुशाल फाड.

गेल्या महिन्यात आपल्या मासळी सुकवायच्या खळ्यावर एक मुलगी आली. मैथिली नाव. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागायतदारांची, बडोद्याला शिकलेली. व्हिडिओ काढते, पण लग्नाचे नाहीत, सिनेमाचे नाहीत. मी विचारलं, मग कसले? तर म्हणे, "मावशी, बघण्याचे." आता बघण्याचा व्हिडिओ म्हणजे काय असतं? मला मेलीला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मी तिच्यापुढे हजर.

तिनं बोंबील टांगायच्या वलांडीशेजारी बांबूवर कॅमेरा बांधला. आठ दिवस आम्ही नेहमीसारख्या बोंबलांची राखण करत बसलो, कावळे हाकलत, कुत्री हाकलत, आणि तो कॅमेरा आमच्याकडे बघत. पहिल्या दिवशी भागुबाई नवी साडी नेसून आली. तिसऱ्या दिवशी ती कॅमेरा विसरली आणि भर उन्हात तोंड उघडं टाकून घोरली. जागी झाल्यावर मैथिलीला म्हणते, "आमी कावल्यांवर नजर ठेवताव, न तू आमचेवर. तुझेवर कोन ठेवतंय गो?" ती पोरगी हसली आणि तिनं ते लगेच वहीत लिहून घेतलं.

मग परवाच्या शुक्रवारी तिनं समाजाच्या हॉलमध्ये दोन पडदे लावले, समोरासमोर. एकावर आपलं खळं. ते बघणाऱ्याचं तोंड एक छोटा कॅमेरा टिपतो आणि पाठीमागच्या पडद्यावर दाखवतो, पण दहा सेकंद उशिरा. म्हणजे गर्रकन मागं वळलीस तर मघाशी आपण कसे बघत होतो ते आपल्यालाच दिसतं. काय डोकं आहे बघ!

मी उभी राहिले. समोर वलांडी, ओळीनं टांगलेले बोंबील, आणि एक कावळा चक्क माझ्या ओळीवर येऊन बसला. प्रणाली, हात माझ्या ताब्यात राहिलाच नाही. "हाऽऽड मेल्या!" करून ओरडले आणि पायातली चप्पल काढून पडद्यावर भिरकावली. सगळा हॉल हसून लोळला. मीही हसत हसत मागं वळले.

मागच्या पडद्यावर मी होते. डोळे बारीक केलेले, ओठ आवळलेले, मान पुढे काढलेली. आरशात मी अशी कधी दिसले नाही, आरशापुढे माणूस शहाण्यासारखं तोंड करतं. मला तू आठवलीस. कॉलेजला होतीस तेव्हा भांडताना एकदा म्हणालीस, "ताई, तुझे डोळे माझ्या पाठीत रुततात." मी तुला नाटकी म्हणाले होते. आता कळलं, हे तोंड तू रोज बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी मैथिलीनं कॅमेऱ्यापुढं बसवून विचारलं, "मावशी, बोंबलांशिवाय आणखी कुणाची राखण केलीत?"

मी म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीची."

"तिनं सांगितलं होतं?"

इतका साधा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता गो. राखण मालाची करतात. तू काय टांगलेला बोंबील होतीस? मी केली ती पाळत. तू एसटीतून कुणाबरोबर उतरतेस, किती वाजता, हसत होतीस की नाही, सगळं बाबांच्या कानावर घालायचे. तुझ्या देवव्रतचं नावही मीच सांगितलं. आईनं मरता मरता ते तुला सांगून टाकलं आणि तू माझ्याशी बोलणं तोडलंस. बरोबरच केलंस.

इकडे यंदा बोंबील चांगला आलाय. तुझा भाचा पियूष आता बोटीवर जातो, दाढी ठेवलीय, ओळखणार नाहीस. विषय बदलतेय, कळतंय मला.

कॅमेऱ्यापुढं मी सगळं बोलले. आईलाही ठाऊक नव्हतं तेसुद्धा. एप्रिलमध्ये मैथिली हे मुंबईत दाखवणार आहे. तिनं सहीला कागद पुढं केला. मी म्हटलं, तोंड माझं आहे, ते घे. बोलणं माझ्या एकटीचं नाही, जिचं आहे तिला विचारते. सोबत पेनड्राइव्ह आहे. तू हो म्हणालीस तर ती दाखवेल, नाही म्हणालीस तर पुसून टाकेल, तसं तिनं कबूल केलंय. पण मशीनमधून ऐकण्याआधी माझ्या हातचं वाच. परक्यांच्या आधी तुला कळायला हवं.

तुझ्या हळदीच्या सकाळी देवव्रत इथल्या स्टॉपवर आला होता. तुला न्यायला. मी त्याला गाठलं आणि म्हटलं, बाबांनी ठरवलेल्या स्थळाला प्रणालीनंच होकार दिलाय, ती खुशीत आहे, तिला तुझं तोंड बघायचं नाही. तो म्हणाला, तिच्या तोंडून ऐकतो आणि जातो. मी म्हटलं, तिनंच मला पाठवलंय. पुढची गाडी येईपर्यंत तो आपल्या घराच्या दिशेनं बघत उभा होता, आणि मी त्याच्यावर नजर ठेवून उभी होते. मग गाडी आली आणि तो गेला.

दुपारी हळदीच्या अंगानं तू मला मोरीपाशी गाठून हळूच विचारलंस, "ताई, कुणी आलं होतं का?"

मी म्हणाले, "कुणी नाही."

आला होता गो.

खाली "तुझी ताई" असं लिहायला हात धजत नाही.

सुचिता