केसांतला वास

ठाकुर्ली, मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार

मुग्धा आजही आली नाही. पूजेची मांडणी करत होते, तेवढ्यात मालवणहून फोन. डॉल्फिनचा अभ्यास करते म्हणजे पोरगी समुद्राचीच झाली! मेलेली मादी किनाऱ्याला लागली, कशाने गेली ते बघायला कापून तपासत होते म्हणाली.

"गुरुवारचं मासा कापलास?" तोंडातून निघूनच गेलं.

"आई, मासा नाही गं तो. पिल्लाला अंगावर पाजतात त्या. हिला दूध होतं."

मी समईची वात सारली.

"आणि आले तरी तू दारातच अडवशील. चारदा न्हाले, केसांचा वास जात नाही."

हसत म्हणाली, पण मला लागलं. दिवाळीत चार महिन्यांनी आली, तर मी "आधी न्हा, मग देवाला हात लाव" म्हणून तिला बाहेरच थांबवलं. खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती तिने. म्हणून येत नाही का? तिच्या केसांना तेल लावून वर्ष झालं असेल.

कथा वाचताना एकच पान दोनदा वाचलं. नैवेद्य दाखवला आणि तिथूनच फोन लावला. "पुढच्या गुरुवारी उद्यापन आहे. वासासकट ये. केस मी धुते."

फोनमध्ये लाटांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आई, तिचं पिल्लू एकटंच फिरतंय इथे. रोज होडी काढून बघतोय, खातंय की नाही ते."

मी म्हटलं, "मग आधी त्याच्याकडे बघ."